आरव्ही-७, ९ की १२? किटचे पैसे भरण्याआधी

घरी विमान बांधायचं ठरलं की बहुतेकांची नजर अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटांवर, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचांवर, जाते. अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलं ते विमान त्यांच्या स्वतःच्या आराखड्याचं होतं, तो मार्ग फार थोड्यांचा. बाकीच्यांना किटच बरं. शेजारी-शेजारी दोघं बसतील अशी व्हॅन्सची तीन किटं, आरव्ही-७, ९ आणि १२, इथे तुलनेला घेतली आहेत.

आरव्ही-७ सगळ्यांना हवं असतं. १८० अश्वशक्तीचं इंजिन लावलं तर ताशी २०० मैलांच्या आसपास जातं आणि कसरतीही करतं. पण कसरती करणार कोण? गावोगाव फिरायचं असेल तर आरव्ही-९ सरस. त्याचे पंख सुमारे ३ फुटांनी लांब, भरल्या वजनाला स्टॉलचा वेग (त्याहून हळू गेलं की पंख विमान पेलत नाहीत) ताशी साधारण ५० मैल, तर सातचा ५८ च्या आसपास. उतरताना हा फरक चांगलाच जाणवतो. कंपनीने नऊला १६० अश्वशक्तीची मर्यादा घातली आहे. तरी लोक १८० चं लायकमिंग इंजिन बसवतात आणि मग उंचीवर विमान कमाल वेगाच्या रेषेला, म्हणजे कधीच ओलांडायच्या नाही अशा वेगाला, भिडतं. ही रेषा खऱ्या हवाई वेगाची (विमान हवेतून प्रत्यक्ष जातं त्या वेगाची) आहे, आणि उंचीवर स्पीडोमीटर त्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. फसगत होते ती तिथेच.

आता बांधणीचं. सात आणि नऊमध्ये पत्रे जोडायला ठोकायचे रिव्हेट आहेत. एका बाजूने ठोकणारी हवेची गन, दुसऱ्या बाजूने टेकवायचा लोखंडी ठोकळा, म्हणजे बकिंग बार. लांब पत्र्याला दुसरा माणूस लागतोच. १/८ इंची रिव्हेटचं ठोकलेलं डोकं ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच झालं की काम नीट. गन घसरली की पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वळ उठतो. तो बहुधा फक्त दिसायला वाईट असतो. खरं नुकसान होतं चुकलेला रिव्हेट ड्रिलने काढताना. बिट वाकडं गेलं तर भोक लंबगोल होतं आणि मोठा रिव्हेट घालावा लागतो. त्यात भोकाचं पत्र्याच्या कडेपासूनचं अंतर कमी पडलं तर तो भागच बाद. म्हणून डोक्यापुरतंच ड्रिल करा, डोकं पंचने उडवा आणि दांडा मागून अलगद बाहेर ठोका.

आरव्ही-१२ मध्ये जवळजवळ सगळे पॉप रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूने ओढून बसवायचे. एकट्याने, हवेवर चालणाऱ्या पुलरने (ओढायच्या हत्याराने) काम होतं, शेजारीही तक्रार करत नाहीत. पंख काढून ट्रेलरवर नेता येतं. १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन पेट्रोलपंपावरचं योग्य पेट्रोलही घेतं. वेग मात्र ताशी १३५ मैलांच्या घरात, आणि लाइट स्पोर्ट (हलक्या हौशी विमानांच्या) वर्गात नोंदवायचं असेल तर प्रमाणपत्र मिळेपर्यंत आराखड्यात काडीचाही बदल चालत नाही. स्वतःचं डोकं चालवायची हौस असणाऱ्यांना हे जाचतं. पहिल्यांदाच बांधणाऱ्याला मात्र आमची शिफारस बाराचीच. पल्ला आणि सामान हवं असेल तर नऊ.

पुढे चाक असलेलं ७ए किंवा ९ए घ्यायचं असेल तर आधी आपली धावपट्टी पाहा. खडबडीत, मऊ गवतावर जुन्या नमुन्याचा पुढचा पाय रुतून मागे दुमडतो आणि विमान पालथं होतं. सुधारित पाय मिळतो, तोच मागवा.

पूर्ण किट एकदम घेऊ नका. आधी फक्त शेपटीचं किट घ्या. ते झालं की हौस टिकते का ते कळतं. अर्धवट किटं सेकंडहँड भरपूर मिळतात, पण २०२२-२३ मधली असतील तर जपून. त्या काळात काही भागांची भोकं लेझरने कापली गेली आणि डिंपल (रिव्हेटचं डोकं पत्र्याला समतल बसावं म्हणून भोकाभोवती दाबलेला खळगा) पाडताना कडेला चिरा दिसू लागल्या. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितलं, त्यामागे हेही एक कारण होतं. विक्रेत्याकडून पॅकिंग याद्या घ्या, भाग क्रमांक कंपनीच्या यादीशी ताडून पाहा आणि डिंपलच्या कडा दहापट भिंगाखाली तपासा.