वृत्त-अलंकारांची खिशातली पुस्तिका : अभंग नेटका, लघु-गुरू कच्चे

मुलीच्या दहावीच्या तयारीसाठी पुण्यातील अप्पा बळवंत चौकातून वृत्ते आणि अलंकारांची ४८ पानांची एक छोटी पुस्तिका आणली. तिचा वापर करून आता दोन महिने झाले आहेत. प्रकाशकाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे सांगितलेली चूक या प्रकारच्या इतर पुस्तिकांमध्येही असू शकते.

अलंकारांचा भाग चांगला जमला आहे. उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधर्म्य (दोहोंतला सारखेपणा) आणि साधर्म्यदर्शक शब्द हे चार घटक आधी समजावून मग एकच कल्पना निरनिराळ्या अलंकारांतून फिरवली आहे. भाकरी चंद्रासारखी गोल आहे, ही उपमा. भाकरी जणू चंद्रच, ही उत्प्रेक्षा. ही भाकरी नव्हे, चंद्रच आहे, ही अपन्हुती. आणि या भाकरीपुढे चंद्रही फिका, हा व्यतिरेक. व्याख्या घोकून जे मुलांच्या लक्षात राहत नाही, ते अशा चार वाक्यांत राहते. रूपकाच्या उदाहरणात मात्र ‘जणू’ शब्द शिरला आहे आणि तो येताच उत्प्रेक्षा होते, हे संपादकाच्या नजरेतून कसे सुटले, कळत नाही.

खरी अडचण वृत्तांच्या प्रकरणात आहे. वृत्त ओळखायचे तर ओळीतील प्रत्येक अक्षर लघु (आखूड उच्चाराचे) की गुरू (लांब उच्चाराचे) हे आधी ठरवावे लागते. ‘जोडाक्षर गुरू असते’ असा नियम तेथे ठळक टाइपात छापला आहे. वास्तविक जोडाक्षरामुळे त्याच्या आधीचे अक्षर गुरू होते, आणि तेही त्यावर आघात येत असेल तरच; म्हणून ‘सज्जना’मधील ‘स’ गुरू ठरतो, पण ‘तुझ्या’मधील ‘तु’ लघूच राहतो. या चुकीचा परिणाम आम्ही प्रत्यक्ष अनुभवला. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ या समर्थांच्या ओळीचे गण, म्हणजे लघु-गुरूच्या क्रमानुसार नावे असलेले तीन-तीन अक्षरांचे गट, मुलीने पुस्तिकेप्रमाणे पाडले, तेव्हा ज, त, म, य असे आले आणि त्या गणांचे वृत्त काही केल्या सापडेना. खरा नियम लावताच चारही गण य आले, १२ अक्षरे जुळली आणि भुजंगप्रयात समोर आले. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पुस्तिकेत दिले आहे, परंतु त्यातील पहिल्या आठपैकी कोणत्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली की त्या अक्षराचा गण मिळतो, ही त्यातली गंमत सांगितलेली नाही. त्यामुळे मुले ते मंत्रासारखे पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत वापरत नाहीत.

अभंगाची दोन पाने मला सर्वांत आवडली. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ६, ६, ६, ४ अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणात यमक असते, हे तुकोबांच्या ‘सुंदर ते ध्यान’वर बोटांनी मोजून दाखवले आहे. ‘उभे विटेवरी’ आणि ‘कर कटावरी’ म्हणताना मुलीला यमक आधी ऐकू आले आणि त्याचे नाव नंतर कळले. वृत्तांच्या पानांवरही ओळ प्रथम मोठ्याने म्हणायला सांगितली असती, तर लघु-गुरूची चूक बहुधा छापण्यापूर्वीच कानाला खटकली असती.

वृत्ताचे बंधन नसलेल्या मुक्तछंदाची बोळवण दोन ओळींत केली आहे, त्यात तो मराठीत रुजवणाऱ्या कवी अनिलांचे नावही नाही. गझलेचा मतला (पहिला शेर), काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे शब्द) तर पूर्णपणे वगळले आहेत. किंमत ४० रुपये असल्याने फार तक्रार करवत नाही. अलंकारांच्या उजळणीसाठी ही पुस्तिका अवश्य घ्यावी. वृत्तांसाठी मात्र ती मुलांच्या हाती देण्यापूर्वी लघु-गुरूच्या पानावरील तो नियम पेनाने खोडून योग्य नियम समासात लिहावा. आमच्या प्रतीत तो आता मुलीच्या अक्षरात आहे.