जिन्याखालची लोह-फॉस्फेट बॅटरी: तिन्ही ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसवर ३ किलोवॅटचं सोलर आणि जिन्याखाली ५१.२ व्होल्ट, १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही बघून झाले, म्हणून आता सविस्तर लिहिते. दुकानात वॉरंटीची वर्षं सांगतात, आत काय भरलंय ते कोणी सांगत नाही.

आधी ट्यूब्युलर, म्हणजे शिसं आणि ॲसिडच्या बॅटऱ्या होत्या. सारखं डिस्टिल्ड वॉटर घाला, टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी भुकटी पुसा. ॲसिडचे थेंब पडून तिथली फरशी खडबडीत झाली होती. निम्म्याहून जास्त उतरवल्या की आयुष्य घटतं, म्हणजे लेबलवरच्या क्षमतेतली अर्धीच आपली. नवीत साधारण ५ युनिट मावतात आणि त्यातले चार तरी बिनधास्त वापरते. मे महिन्यात वळवाच्या पावसात रात्रभर लाईट नव्हती. फ्रिज, दोन पंखे आणि सासूबाईंचा नेब्युलायझर सगळं पहाटेपर्यंत चाललं.

हाच प्रकार घेतला तो त्यातल्या मालासाठी. कॅथोडमध्ये, म्हणजे सेलच्या धन टोकात, लोखंड आणि फॉस्फेट आहे. कोबाल्ट नाही, निकेल नाही. जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या हाताने खणायच्या खाणींत लहान मुलंही राबतात. माझ्या घरातल्या पंख्यासाठी मला ते नको होतं. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने १९९७ मध्ये हे संयुग बॅटरीसाठी पुढे आणलं. यात फॉस्फरस आणि ऑक्सिजनचे बंध घट्ट असतात, त्यामुळे तापल्यावरही ऑक्सिजन सहज सुटत नाही आणि भडका उडायचा धोका कमी राहतो. घरात ठेवायच्या वस्तूत मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

त्रास झाला तो टक्केवारीचा. बॅटरीतल्या एकेका सेलचा व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत ३.२-३.३ वरच राहतो, त्यामुळे व्होल्टेज बघून किती उरली ते कळत नाही. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट, आत-बाहेर जाणारा करंट मोजून आकडा दाखवतं आणि चूक साठत जाते. श्रावणात ढगांमुळे बरेच दिवस बॅटरी पूर्ण भरलीच नाही, आणि एका रात्री स्क्रीनवर तीस टक्क्यांच्या वर असताना ती खटकन बंद झाली. ग्राहक सेवेचं उत्तर एकच, "ऑफ करून ऑन करा." उपाय शेवटी इन्स्टॉलेशनला आलेल्या मुलाने सांगितला: "ताई, अधूनमधून ग्रिडवरून शंभर टक्के भरू द्या." पूर्ण भरली की मोजणी पुन्हा शंभरावरून सुरू होते; तेव्हापासून आकडा बरोबर येतो.

थंडीची काळजी निफाडकडच्यांनी जास्त घ्यावी. शून्याखाली चार्ज केलं तर ॲनोडवर, म्हणजे ऋण टोकावर, धातूरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्येही ठेवू नका, उष्णतेने आयुष्य घटतं. जिन्याखालची जागा दोन्हीसाठी चांगली.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. जुन्या बॅटऱ्या शिशाच्या वजनावर लगेच विकल्या गेल्या. हिच्याबद्दल विचारलं तर भंगारवाल्याने मान हलवली. महाग धातू नाहीत म्हणून ती चांगली, आणि त्याच कारणाने मोडीत तिला भाव नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून पुनर्चक्रणाला देण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. म्हणून घेतानाच परत कुठे द्यायची ते लेखी मागा, आणि बिलावर सिरीयल नंबर नसेल तर पैसे देऊ नका.