ली बिग स्टॉपर: खडकाळ किनाऱ्यावर दहा स्टॉपचा फिल्टर कितपत कामाचा?

किनाऱ्याच्या कडेकडेने गाडी हाकत लँडस्केप टिपायला निघणारे बहुतेक जण सगळ्यात आधी ली फिल्टर्सचा ‘बिग स्टॉपर’ खरेदी करतात, म्हणजे लेन्ससमोर लावून शटर जास्त वेळ उघडे ठेवू देणारी गडद काच. फिल्टर उत्तमच आहे. पण लाटा आपटणाऱ्या रानवट किनाऱ्यासाठी पहिला फिल्टर घ्यायचा तर तो हा नव्हे, त्याच कंपनीचा सहा स्टॉपचा ‘लिटल स्टॉपर’ घ्यावा.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून दहा स्टॉप म्हणजे प्रकाश १०२४ पट कमी, सहा स्टॉप म्हणजे ६४ पट. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप) ला शटर उघडे राहण्याची वेळ साधारण १/२०० सेकंद येते. लिटल स्टॉपर लावला की ते जवळपास १/३ सेकंद होते. खडकावरून ओघळत परत जाणाऱ्या पाण्याच्या रेघा, फेसाची जाळी, लाटेची दिशा हे सगळे पाव सेकंद ते एक सेकंद यांच्यामध्येच उमटते. तिथे बिग स्टॉपर लावला तर पाच सेकंद मिळतात. त्यात लाटेचा आकार मोडतो, आणि ढग मात्र जागचे फारसे हलत नाहीत. भर दुपारी ढग ओढलेले हवे असतील तर पंधरा स्टॉपचा ‘सुपर स्टॉपर’ लागतो. त्याने १/२०० चे पावणेतीन मिनिटे होतात.

बिग स्टॉपरची खरी वेळ ढगाळ दिवसाची, किंवा सूर्य क्षितिजाजवळ असतानाची. शटर १/३० असेल तर सुमारे ३० सेकंद, १/८ असेल तर दोन मिनिटे. समुद्रातले सुटे सुळके, जुन्या धक्क्याचे खांब, लांबवर गेलेली खडकांची रांग अशा ठाम आकाराच्या विषयांना तो फार शोभतो, कारण भोवतीचे पाणी धुक्यासारखे होऊन आकार एकटा उरतो. विषयच लाट असेल तर तो पेटीतच राहू द्यावा.

वापरताना क्रम चुकला की फ्रेम गेली. आधी फिल्टरशिवाय चौकट आणि फोकस ठरवा, मग ऑटोफोकस बंद करा. फिल्टर लावल्यावर डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही. म्हणून तो लावण्याआधीच एक चाचणी फ्रेम घेऊन हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहा, शटरचा आकडा १००० ने गुणा, ३० सेकंदांच्या वर गेला तर बल्ब मोड (शटर हवे तितका वेळ उघडे ठेवणारा) आणि केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार). काच होल्डरच्या (लेन्सवर बसणाऱ्या, फिल्टर धरणाऱ्या चौकटीच्या) लेन्सकडच्या पहिल्या खाचेतच बसवायची, फोमची पट्टी लेन्सच्या बाजूला. ही पट्टी नीट टेकली नाही किंवा कडेला सुटली असेल, तर फटीतून शिरलेला प्रकाश फ्रेमभर फिकट डाग पाडतो. पट्टी वापराने झिजते, म्हणून निघण्याआधी बोट फिरवून तपासावी. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरही झाकावा, मागून येणारा प्रकाश लांब एक्स्पोजरमध्ये हमखास दिसतो.

रंगाची गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: बिग स्टॉपर फोटोला निळी झाक देतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपले तर व्हाइट बॅलन्स वर नेऊन, म्हणजे रंग उबदार करून, ती बरीचशी जाते. जेपेगवर अवलंबून राहू नये. प्रत्येक काचेची घनता नेमकी दहा स्टॉप असतेच असे नाही, थोडा फरक असतो. आपल्या काचेचा फरक घरीच एकसारख्या प्रकाशात मोजून पेटीवर लिहून ठेवावा. झाक अजिबातच नको असेल तर ली चीच ‘प्रोग्लास आयआरएनडी’ मालिका जास्त तटस्थ आहे.

खारा तुषार हा या फिल्टरचा मोठा शत्रू. दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये काचेवर बसलेला एक थेंबही, विशेषतः वाइड लेन्सवर, मऊ ठिपका होऊन राहतो. प्रत्येक फ्रेमआधी टॉर्चच्या तिरप्या उजेडात काच पाहावी. सुकलेले मीठ कोरड्या कापडाने कधीही घासू नये, स्फटिकांनी ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओली करून मीठ विरघळू द्यावे, मग मायक्रोफायबरने टिपावे. एसी गाडीतून थेट दमट हवेत आणले की काच आणि लेन्स दोन्हींवर वाफ धरते. बॅग डिकीत ठेवावी, नाहीतर पोहोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात.

ट्रायपॉड कमजोर असेल तर हा फिल्टर घेण्यात अर्थ नाही. ओल्या वाळूत परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते आणि एक्स्पोजर चालू असताना कॅमेरा इंचभर खचतो. पाय दाबून रोवावेत, एकदोन लाटा जाऊ द्याव्यात, पुन्हा दाबावेत आणि मगच शटर उघडावे. सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढला तर सांध्याचे लॉक खाऱ्या पाण्याच्या वर राहतात. मधला दांडा वर काढू नये. कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून ठेवावा, वाऱ्यात तो शिडासारखा काम करतो.

भरतीचे गणित या फिल्टरसोबत जास्तच महत्त्वाचे, कारण तो माणसाला एकाच जागी बांधून ठेवतो. चार मिनिटांचे एक्स्पोजर, त्यावर लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (दाणे काढण्यासाठी कॅमेरा तितक्याच वेळाची काळी फ्रेम घेतो ती सोय) चालू असेल तर आणखी चार मिनिटे, म्हणजे एका फ्रेमला आठ मिनिटे. भरतीच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगाने चढते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने हा वेग आणखी वाढतो. शक्यतो ओहोटी लागल्यावर खडकांवर उतरावे: पाणी मागे सरत असते, खडक ओले चकचकीत असतात आणि वाळूवर पावलांच्या खुणा नसतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे अनेक दिवसांच्या प्रवासात कोणता किनारा पहाटेला आणि कोणता संध्याकाळी हे त्यावरूनच ठरवता येते.

खरेदीआधी एक तपासा: पुढची काच फुगीर असलेल्या अतिवाइड लेन्सवर १०० मिमीचा होल्डर बसत नाही. त्यांना १५० मिमीची वेगळी प्रणाली लागते, आणि १०० मिमीचा बिग स्टॉपर तिथे चालत नाही.