दुचाकीची बॅटरी घेताना कंपनीच्या आधी तारीख बघा

बॅटरीच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "एक्साइड देऊ का अमरॉन?" गिऱ्हाईक तिथंच अडकतं. खरं तर हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. त्याआधी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत: बॅटरीच गेली आहे का, गाडीला माप कोणतं लागतं, आणि दुकानातला नग किती महिन्यांपासून पडून आहे. बाजारात मिळणाऱ्या चार तऱ्हेच्या बॅटऱ्या आम्ही इथं मराठवाड्याच्या हिशेबानं तोलल्या आहेत. गाड्या 100 ते 160 सीसीच्या, म्हणजे जालना, बीडपासून नांदेड, लातूरपर्यंत घरोघर दिसणाऱ्या.

आधी तपासणी, कारण चांगली बॅटरी भंगारात देऊन नवी घेणारे कमी नाहीत. सेल्फचं बटण दाबल्यावर नुसतं टकटक वाजतं आणि मीटरमधले दिवे मंद पडतात, तेव्हा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल ढिलं असतं. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ फिरलाच नाही, तर दोष बहुधा रिलेत, क्लचच्या स्विचमध्ये किंवा सेल्फ मोटरच्या कार्बनमध्ये. तिथं नवी बॅटरी टाकून काही होणार नाही.

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असला की निम्मी शंका मिटते. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी चावी चालू करून मिनिटभर इंडिकेटर लावा, बंद करा आणि मग बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्ट मोजा. 12.7 किंवा जास्त आले तर बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी आणि 12 च्या खाली जवळपास रिकामी. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा कुठं उतरतो ते बघा. 9.6 च्या खाली जाता कामा नये. उभ्या गाडीत 12.6 दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच 7-8 वर कोसळत असेल, तर आतल्या प्लेटांवर सल्फेट चढलं आहे. पूर्ण चार्ज करून, विसावा देऊनही आकडा 10.5 च्या आसपासच अडकत असेल तर बॅटरीच्या आतल्या सहा सेलांपैकी (कप्प्यांपैकी) एक मेला आहे. एका सेलचे 2.1 व्होल्ट धरा, वजाबाकी तेच सांगते. अशी बॅटरी चार्जिंगला लावण्यात पैसे घालू नका.

यानंतरची तपासणी बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि नवी बॅटरी वर्षात निकामी होते ती इथंच. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर अर्ध्यावर धरा आणि बॅटरीवर परत मोजा. 13.5 ते 14.8 पाहिजे. 13 च्या वर चढतच नसेल तर कॉइल (इंजिनातली वीज तयार करणारी), रेग्युलेटर (बॅटरीला जाणारं व्होल्टेज आवरणारा) किंवा त्यांच्यामधला जळका कनेक्टर तपासा. 15 च्या पुढं जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. तो बॅटरीतलं पाणी उकळून उडवतो. सीलबंद बॅटरीत ते पाणी परत भरता येत नाही, म्हणून आधी रेग्युलेटर आणि मग बॅटरी.

गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, ही तक्रार वेगळी. बॅटरीची काळी (मायनसची) वायर काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर मिलिॲम्पियरवर लावा. चावी बंद हवी, आणि मीटर जोडलेला असताना चावी किंवा सेल्फला हात लावायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. चावी बंद असताना शाबूत गाडी एक-दोन, फार तर चार-पाच मिलिॲम्पियर खाते. जीपीएस ट्रॅकर किंवा थेट बॅटरीला जोडलेला मोबाइल चार्जर 30 खात असेल तर दिवसाला 0.7 एएच (ॲम्पियर-तास, बॅटरीची साठवण मोजायचं माप) गेले. 3 एएचची बॅटरी चार दिवसांत रिकामी होणारच, तिचा दोष नाही. असे जोड नेहमी चावीच्या लाइनवरून घ्यावेत.

आता माप. स्प्लेंडर प्लस, एचएफ डिलक्स यांना 3 एएच. जुन्या पल्सर 150 ला 9 एएच. जुन्या सेल्फच्या बुलेटला 14 एएच. बाकी गाड्यांचं माप जुन्या बॅटरीवर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं, तेच घ्या. नुसत्या एएचवर विसंबू नका, कारण टीएक्स4एल आणि टीएक्स5एल या नावांच्या दोन बॅटऱ्यांचा तळ सारखाच, 113 बाय 70 मिलिमीटर, पण पहिली 85 मिमी उंच आणि दुसरी 105. मोठी बसते म्हणून कोंबली की वरचं टर्मिनल सीटच्या पत्र्याला टेकतं आणि एखाद्या खड्ड्यात शॉर्ट होतं. नावाच्या शेवटी असलेला 'एल'सुद्धा बघा. टर्मिनलं आपल्याकडं करून धरल्यावर प्लस उजवीकडं येतो, असा त्याचा अर्थ. प्लस उलट बाजूला असलेली बॅटरी आणून वायर ताणून जोडणं हा जुगाड महाग पडतो: लाल वायर घासते, इन्सुलेशन जातं, फ्यूज उडतो.

पहिली तऱ्हा व्हीआरएलए, म्हणजे सीलबंद बॅटरी. कारखान्यातून भरून येते, पाणी घालावं लागत नाही, आडवी झाली तरी सहसा सांडत नाही. एक्साइड, अमरॉन, टाटा ग्रीन, एसएफ सोनिक सगळ्यांकडं आहे, आणि एसएफ हा एक्साइडचाच ब्रँड आहे. 3 ते 5 एएचला साधारण हजार ते दीड हजार रुपये पडतात. बहुतेकांनी हीच घ्यावी. नव्या गाड्यांचं वायरिंग आणि चार्जिंग हिच्याच हिशेबानं बेतलेलं असतं. दुखणं एकच, उष्णता. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 42-43 वर असताना एसटी स्टँडबाहेर किंवा मोंढ्यात उन्हात उभ्या गाडीच्या साइड कव्हरखाली काय होत असेल ते ओळखा. नाशिककडं चार वर्षं टिकणारी बॅटरी इकडं अडीच-तीन वर्षांत दमली तर नवल नाही. सावलीत गाडी लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरी, ॲसिड भरायची साधी बॅटरी. जुन्या गाड्यांना अजून मिळते आणि थोडी स्वस्त पडते. महिन्याला पातळी बघणाऱ्या माणसाच्या हातात ही इकडच्या उन्हात बंद बॅटरीच्या बरोबरीनं टिकते, कारण उडालेलं पाणी परत घालता येतं. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, त्यात क्षार आणि लोह. फिल्टरचंही नको. ॲसिड तर मुळीच नको, कारण उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. हिची खरी फसगत दुकानात होते. ॲसिड भरलं की बॅटरी साधारण 80 टक्क्यांपर्यंतच उठते. भरल्यावर निदान अर्धा तास थांबून, एएचच्या दहाव्या हिश्शानं, म्हणजे 5 एएचला अर्धा ॲम्पियर, पाच ते दहा तास पहिलं चार्जिंग द्यावं लागतं. ॲसिड ओतून दहा मिनिटांत गाडीत बसवून दिलेली बॅटरी पुढं कधीच पूर्ण ताकद देत नाही. संध्याकाळी द्या, सकाळी नेतो, असं सांगा. बसवताना बाजूची वाफेची नळी दुमडलेली नको, आणि तिचं तोंड चेन किंवा सायलेन्सरवर यायला नको.

तिसरी, यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 एएच. स्वस्त मिळते म्हणून पुष्कळ जण गाडीत टाकतात. टाकू नका. ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फला क्षणभरात लागणारा पन्नासेक ॲम्पियरचा झटका तिला पेलत नाही. तिच्या पातळ पत्र्याच्या टर्मिनलवर गाडीची वायर नटानं आवळता येत नाही, ढिला जोड तापतो आणि प्लास्टिक वितळतं.

चौथी लिथियम. वजनाला निम्म्याहून हलकी, किंमत कितीतरी पट. रेग्युलेटर 15 व्होल्टच्या वर गेला तर धोका, आणि तालुक्याच्या गावात तिला लागणारा चार्जर मिळत नाही. शेत ते गाव आणि गाव ते तालुका एवढ्या वापराला तिची गरज नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. बीड, धारूर, केज, पाटोदा भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं निघतात आणि गाडी चार-पाच महिने घरासमोर उभी राहते. बॅटरी स्वतःच महिन्याला काही टक्के उतरते, शिवाय गाडीतलं घड्याळ थोडं थोडं खात राहतं. परत येईपर्यंत ती रिकामी झालेली असते, आणि रिकाम्या अवस्थेत महिनोन् महिने राहिली की सल्फेट घट्ट होऊन कायमची जाते. निघण्यापूर्वी चार्ज करून काळी वायर काढून ठेवा, टोकाला चिंधी गुंडाळा. मागं राहणाऱ्या कुणाला महिन्यातून एकदा वायर जोडून अर्धा तास गाडी चालवायला सांगता आलं तर उत्तम. जागेवर रेस देत उभी ठेवण्यापेक्षा रस्त्यावर नेणं बरं.

खरेदीच्या वेळी नगावरची तारीख मागा. प्रत्येक कंपनीचा कोड निराळा, दुकानदाराला फोडून सांगायला लावा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर बेलाशक घ्या. सहा महिने होऊन गेलेली आणि मधे चार्ज न केलेली असेल तर ब्रँड कितीही मोठा असो, घेऊ नका. काउंटरवरच मीटर लावून 12.6 च्या वर दाखवते का बघा, 12.5 च्या खाली असेल तर दुसरा नग मागा. एक्साइड की अमरॉन, याचं आमचं उत्तर इथं येतं: ज्या दुकानात बॅटऱ्या भराभर खपतात आणि ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्याजवळ आहे, ती घ्या. चांगल्या दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा ताज्या आणि शिळ्या नगातला फरक मोठा असतो.

बिल पक्कं घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून लेड-ॲसिड बॅटरीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, बिलात तोच लागलाय का बघा. वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा नंबर दुकानातच लिहून घ्या. कार्डावर महिन्यांचे बहुधा दोन आकडे असतात: पहिल्या मुदतीत नवी फुकट मिळते, दुसऱ्या मुदतीत नुसती सूट. बॅटरी फक्त उतरलेली असेल तर कंपनी ती चार्ज करून परत देते, बदलून देत नाही. तडकलेला डबा, वितळलेलं टर्मिनल किंवा उघडलेली वरची पट्टी दिसली तर वॉरंटी गेली.

बसवणं दहाच्या पान्याचं आणि स्क्रू ड्रायव्हरचं काम. चावी बंद. काढताना आधी काळी वायर, मग लाल. उलट केलं आणि पाना लाल टर्मिनलवर असताना चेसिसला लागला, तर ठिणगी पडून पान्याला खड्डा पडतो. बसवताना आधी लाल, शेवटी काळी. टर्मिनलमधला चौकोनी नट खाली निसटून बोल्टाला लागत नाही, ही सगळ्यांना छळणारी गोष्ट. नटाखाली फोमचा लहानसा तुकडा सरकवला की नट वर उचललेला राहतो आणि बोल्ट पहिल्याच फेरीत पकडतो. जुन्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी आवळणं, मग जेली. रबरी पट्टा कडक झाला असेल तर तोही बदला. काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर हादरे खाऊनच प्लेटा गळतात.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी पेट्रोल इंजेक्शननं जातं आणि त्याचा पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली तर बऱ्याच गाड्या धक्का देऊनही लागत नाहीत. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "कॉइल चार्ज करते का" बघण्याची जुनी पद्धत या गाड्यांवर चुकूनही वापरू नका. व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा गाडीचा कॉम्प्युटर) जळतो, त्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट. कारच्या बॅटरीवरून जंपर लावायचा असेल तर कारचं इंजिन बंद ठेवा.

जुनी बॅटरी दुकानातच द्या, बदलीत थोडे पैसे कमी होतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं ती परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. घराच्या मागं फोडून शिसं वितळवणं आणि ॲसिड नालीत ओतणं फार घातक आहे. शिशाची वाफ आणि धूळ लहान पोरांच्या मेंदूला लागते. ॲसिड अंगावर उडालं तर ताबडतोब भरपूर साध्या पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारत राहा आणि मग थेट दवाखाना गाठा.