बी माय आइज अ‍ॅप : मैत्रिणीचा जीव सोडवला
मला दिसत नाही आणि माझी मैत्रीण वकील, म्हणजे तिच्याशी गप्पा मारायच्या तर मलाही तारीखच घ्यावी लागते. आमचं जमलं कसं काय माहीत, पण जमलं. घोळ एवढाच की औषधाची एक्सपायरी वाच, दोन शर्टांतला निळा कुठला सांग, असल्या कामांना मी तिलाच व्हिडिओ कॉल लावायचो आणि ती बिचारी अशिलाला समोर थांबवून सांगायची, मला मग दिवसभर अपराधी वाटायचं.

मग हे अ‍ॅप टाकलं. हान्स यॉर्गन विबर्ग म्हणून डॅनिश माणूस आहे, त्याला स्वतःलाही कमी दिसतं, त्याची ही आयडिया, २०१५ पासून चालू आणि फुकट. कॉल लावला की आपली भाषा येणारा कुणीतरी व्हॉलंटियर उचलतो, 'जरा डावीकडे धरा' वगैरे सांगतो, काम झालं की कट. ओळखपाळख काही नाही, पुढच्या वेळी तोच मिळेल असंही नाही, सुरुवातीला जरा विचित्र वाटतं खरं. २०२३ मध्ये एआयपण आलं, फोटोचं वर्णन करतं, पण औषधाला मी माणूसच विचारतो बाबा.

परवा मैत्रिणीने विचारलं, "शर्ट विचारत नाहीस हल्ली, चिडलायस का?" सांगितलं सगळं. आता तीपण व्हॉलंटियर झालीय आणि पहिला कॉल तिच्याआधी दुसऱ्यानेच उचलला म्हणून माझ्यावरच डाफरली!