ई-मनी परवाना: लिथुआनिया की आयर्लंड?

३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि लंडनचा ई-मनी परवाना (ग्राहकांचे पैसे डिजिटल स्वरूपात ठेवण्याची आणि पाठवण्याची परवानगी) युरोपीय संघात चालेनासा झाला. तेव्हापासून वॉलेट किंवा पेमेंट कंपन्यांच्या चर्चेत लिथुआनियाची राजधानी व्हिल्निअस आणि आयर्लंडची राजधानी डब्लिन ही नावं हमखास येतात.

कायदा दोन्हीकडे जवळपास तोच. किमान भांडवल साडेतीन लाख युरो, ग्राहकांचे पैसे वेगळे राखायचे, आणि एक परवाना संघभर चालतो. पूर्ण अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पण अर्ज पूर्ण मानला जाईपर्यंत प्रश्नोत्तरं चालतात, खरा वेळ तिथेच जातो.

लिथुआनियाचा हुकमी एक्का म्हणजे सेंट्रोलिंक. मध्यवर्ती बँकेच्या या यंत्रणेतून बँक नसलेली कंपनीही सेपाशी, म्हणजे युरोपभरच्या युरो हस्तांतरणाच्या सामाईक व्यवस्थेशी, जोडली जाते, मोठ्या बँकेच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. रेव्होल्युट या डिजिटल बँकिंग कंपनीने २०१८ मध्ये परवाना इथूनच घेतला. मात्र 'तिथे सगळं सोपं' हा समज आता सोडा: एप्रिल २०२५ मध्ये मनी लाँडरिंगविरोधी त्रुटींसाठी त्याच रेव्होल्युटच्या बँकेला ३५ लाख युरोंचा दंड झाला.

आयर्लंडमध्ये इंग्रजी आहे आणि कॉमन लॉ, म्हणजे भारतासारखीच ब्रिटिश परंपरेतली कायदापद्धती, आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या वकिलालाही तिथले करार परके वाटत नाहीत. पण डब्लिन महाग. शिवाय नियामकाला निर्णय घेणारी माणसं देशात हवी असतात, नुसती दारावरची पाटी चालत नाही.

लहान कंपनीचं काम मुख्यतः युरो हस्तांतरणाचं असेल, तर मी व्हिल्निअस म्हणेन. मोठे कॉर्पोरेट ग्राहक हवे असतील तर डब्लिनचा खर्च सोसावा.