दातांच्या तारांसोबत कंपनयंत्र : सात महिन्यांच्या वापरानंतर

वयाच्या ३४व्या वर्षी दातांना तारा बसवल्या. वरच्या दोन्ही पहिल्या उपदाढा काढायच्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत सुळे मागे ओढून घ्यायचे, असा बेत होता. सगळे मिळून दोन वर्षे लागतील हे ऐकून मी कंपनयंत्राची चौकशी केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घ्यायचे तर घ्या, अपाय नाही, पण मी तुमच्या तारखा अलीकडे आणणार नाही." तरीही मी ते घेतले.

दातांमध्ये धरायचा मऊ तुकडा आणि त्याला जोडलेली लहानशी मोटार, एवढेच ते यंत्र आहे. सेकंदाला ३० कंपने, बल ०.२५ न्यूटन, म्हणजे जेमतेम २५ ग्रॅम वजनाइतके, आणि वापर रोज २० मिनिटे. तुकडा चावायचा नसतो, अलगद धरायचा असतो. तेवढा वेळ बोलता येत नाही आणि लाळ इतकी सुटते की पहिले काही दिवस मी मांडीवर टॉवेल घेऊनच बसत असे.

तारेच्या दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड पेशी विरघळवतात आणि दुसऱ्या बाजूला नवे हाड भरून येते. कंपनाने या पेशींना चालना मिळावी, ही त्यामागची कल्पना. २००८ मध्ये जपानी संशोधकांना उंदरांमध्ये दात सुमारे १५ टक्के अधिक सरकलेले आढळले होते. माणसांच्या बाबतीत मात्र निष्कर्ष जुळत नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ४५ रुग्णांच्या चाचणीत कंपन घेणाऱ्यांचा वेग महिन्याला १.१६ मिमी आणि इतरांचा ०.७९ मिमी निघाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वीस वर्षांखालील ८१ रुग्णांवर, काहींना न थरथरणारे खोटे यंत्र देऊन, घेतलेल्या चाचणीत खालचे दात सरळ होण्याच्या वेगात काहीच फरक दिसला नाही.

माझ्या तोंडातला हिशोब असा. दोन्ही फटी सुरुवातीला ७ मिमी होत्या. यंत्राविना पहिल्या दोन महिन्यांत डावी २ मिमी आणि उजवी दीड मिमी मिटली. यंत्र सुरू केल्यावर डावीकडचे उरलेले ५ मिमी पाच महिन्यांत गेले आणि उजवीकडचे साडेपाच सात महिन्यांत. डावा सुळा आधीही चपळ होता, नंतरही राहिला. उजवीकडे महिन्याला ०.७५ चे ०.७९ झाले खरे, पण आमच्या डॉक्टरांची पट्टी एवढी बारीक नाही. (अमेरिकेतल्या चाचणीत यंत्र न वापरणाऱ्यांचा आकडाही नेमका हाच होता, याचे हसू आले.) हे २१२ पैकी १८१ दिवस वापरूनचे चित्र आहे, त्यामुळे आळसाला दोष देता येत नाही.

तार बदलल्यानंतरचे ठणकणे कमी झाल्यासारखे वाटले, पण तोपर्यंत मी तारांना सरावलोही होतो. अपाय मात्र काही झाला नाही : एकही ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) निघाला नाही आणि एक्स-रेमध्ये मुळे झिजलेली दिसली नाहीत. ज्यांना हिरड्यांचा आजार आहे किंवा दात आधीच हलतात, त्यांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते तोंडात धरू नये.

यंत्राची किंमत उपचाराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी होती. आता पुढचे दात मागे घेण्याचे काम सुरू झाले आहे. त्यासाठी मी ते चार्ज केलेले नाही.